इस्त्री पडायला किती फ्रेम लागतात?

अडीच मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण घराच्या छताजवळून, एखादी जड वस्तू सोडली तर ती जमिनीवर आदळायला पाऊण सेकंदही लागत नाही. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम पळते, त्या हिशेबाने १७ फ्रेम. शाळेतलं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र आठवत असेल तर करून बघा. पण ती वस्तू कपड्यांची इस्त्री असेल आणि खाली टॉम नावाचा निळसर राखाडी बोका उभा असेल, तर ते सूत्र गुंडाळून ठेवायचं. तिथे इस्त्री कधी पापणी लवायच्या आत टाळक्यात बसते, तर कधी इतक्या निवांतपणे येते की बोक्याला वर बघायला, आवंढा गिळायला आणि आपल्याकडे वळून केविलवाणा चेहरा करायलाही सवड मिळते.

माझा पाच वर्षांचा भाचा ही कार्टून्स बघत असताना एक गोष्ट लक्षात आली. तो इस्त्री पडल्यावर हसत नाही, पडायच्या आधी हसायला लागतो. बोक्याने वर बघितलं की याचं खिदळणं सुरू. प्रत्यक्ष आदळते तेव्हा नुसता ‘हाऽऽ’ करून सोफ्यावर लोळतो. ऐंशी वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात काही लोकांनी कागदावर पेन्सिलीने आकडेमोड केली, आणि आज हे पोरगं बरोबर त्यांनी ठरवलेल्या जागी हसतंय. हे जमतं कसं, ते जरा सुटं करून बघू.

मुळात ही कार्टून्स पोरांसाठी नव्हतीच. १९९५ साली भारतात कार्टून नेटवर्क आलं (दिवसा कार्टून, रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे) आणि तेव्हापासून आपल्या डोक्यात टॉम अँड जेरी म्हणजे शाळेतून आल्यावर दप्तर फेकून बघायची गोष्ट झाली. अमेरिकेत मात्र ती थिएटरात लागायची. मुख्य सिनेमाच्या आधी बातमीपट आणि सात-आठ मिनिटांचं एक कार्टून, असा सगळा एकाच तिकिटातला बेत. समोर दिवसभर राबून आलेली मोठी माणसं. त्यांनी पैसे मोजलेले असायचे ते पुढच्या सिनेमासाठी. कार्टून म्हणजे ताटातली कोशिंबीर. तिला सात मिनिटांत आपली चव दाखवायची असे, त्यामुळे पाल्हाळ लावायला जागाच नव्हती.

एमजीएम या बड्या स्टुडिओत बिल हॅना आणि जो बार्बेरा नावाचे दोघं तरुण कामाला होते. त्यांचं पहिलं बोका-उंदराचं कार्टून, ‘पुस गेट्स द बूट’, फेब्रुवारी १९४० मध्ये आलं. त्यात बोक्याचं नाव जॅस्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. वरिष्ठांना त्यात फारसं काही दिसलं नाही. मांजर आणि उंदीर, त्यात नवं ते काय? पण ते ऑस्करच्या नामांकनात गेलं, थिएटरवाल्यांकडून ‘पुढचं कधी?’ अशी विचारणा आली, आणि मग घाईघाईने बारसं करायची वेळ आली. स्टुडिओतल्याच लोकांकडून नावं मागवली. जॉन कार नावाच्या अॅनिमेटरने सुचवलेली जोडी निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर बक्षीस मिळालं. १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांची अशी ११४ कार्टून्स आली. त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालं.

त्या पहिल्याच कार्टूनमध्ये पुढच्या सगळ्या खेळाची किल्ली आहे. घरकाम करणारी बाई बोक्याला बजावते: आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर. उंदीर हे ऐकतो. पुढच्या क्षणी तो टेबलाच्या कडेला एक काचेचा ग्लास धरून उभा! सोडू का? बोका जागच्या जागी थिजतो. आतापर्यंत जो शिकारी होता तो आता ग्लासांचा राखणदार झाला. जमिनीवर उशा अंथरतोय, पडणाऱ्या वस्तू झेलतोय, आणि उंदीर टेबलावरून वस्तू ढकलतोय. उंदराच्या अंगात बोक्याहून जास्त ताकद आली ती फक्त एका वाक्यामुळे. ते वाक्य आपणही ऐकलेलं असतं.

म्हणून अशा कार्टूनला आधी एक नियम लागतो, सगळ्यांना ठाऊक असलेला. कुत्रा झोपलाय, त्याला उठवायचं नाही. बाळ रडता कामा नये. मालकीणबाई घरात आहे, आवाज नको. नियम एकदा कळला की ग्लास फुटायची गरजच उरत नाही, तो कडेवर डुगडुगला तरी पुरे. नुसता धिंगाणा घालणारी कार्टून्सही ढिगाने निघाली आहेत. ती बघून दोन मिनिटांत डोकं दुखायला लागतं, कारण कशाचं काय मोडलं म्हणजे आपत्ती, हेच कळलेलं नसतं.

आता वेळेकडे येऊ. माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे.

दोघांत कामाची वाटणी साधारण अशी होती: प्रसंग आणि चित्रं बार्बेराची, वेळेचा हिशेब हॅनाचा. हॅनाला संगीताचा कान होता आणि तो हालचाली मेट्रोनोमवर मोजायचा. मेट्रोनोम म्हणजे टिक-टिक करत एकसारखी लय देणारं यंत्र, आपल्याकडे रियाजाला तालमाला लावतात त्या जातीतलं. मिनिटाला १४४० फ्रेम. दर १२ फ्रेमला एक टिक ठेवली तर मिनिटाला १२० मात्रा होतात, झपझप चालायची लय. दर ८ फ्रेमला ठेवली तर १८०, पळापळ. बोका पाठलाग करतोय तर त्याचं प्रत्येक पाऊल कितव्या फ्रेमला टेकणार हे आधीच कागदावर लिहिलेलं. तोच कागद संगीतकाराकडेही जायचा. त्यामुळे बोका जिन्यावरून गडगडत खाली येतो तेव्हा प्रत्येक पायरीला वाद्यवृंदातला एकेक सूर बरोबर त्याच फ्रेमवर पडतो.

ताल ऐकायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच उमगावं. तिहाई सुरू झाली की मैफलीतले लोक सम यायच्या आधीच माना हलवायला लागतात. सम कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि मजा त्या माहितीतच असते. इस्त्रीचंही तसंच. बोक्याने वर बघितलं की आपल्याला सम कळली. आता उरलं ते तिची वाट बघणं. भाचा हसतो ते त्या वाट बघण्यात.

पण वाट किती बघायला लावायची? याचं सगळ्यात काटेकोर उत्तर शेजारच्या स्टुडिओत सापडतं. वॉर्नर ब्रदर्समध्ये चक जोन्स यांनी १९४९ पासून एक हडकुळा, कायम उपाशी कोयोट आणि त्याच्या हाती कधीच न लागणारा रोडरनर पक्षी यांची मालिका काढली. कोयोट दर वेळी कड्यावरून पुढे धावत जातो, हवेतच उभा राहतो, खाली बघतो आणि मग पडतो. (खाली बघेपर्यंत पडायचं नाही, हा त्या वाळवंटाचा कायदा.) कॅमेरा वरून बघत असतो. खाली जाता जाता तो ठिपका होऊन दिसेनासा होतो, त्याला जोन्स १८ फ्रेम द्यायचे. मग १४ फ्रेम काहीच नाही. आणि मग तळाशी धुळीचा एक इवलासा फुसका ढग. जोन्स यांनी सांगून ठेवलंय की ते १३ फ्रेमनी जमत नाही आणि १५ नीही जमत नाही, हसू १४ लाच येतं. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. डोळ्याला सुटी दिसतही नाही. तरी हसू तिच्यावर अडलेलं.

मला तर त्या १४ रिकाम्या फ्रेम हा या सगळ्या कलेतला सगळ्यात मोलाचा ऐवज वाटतो. त्यांत काढायला काही नाही, रंगवायला काही नाही. फक्त ‘आता’ आणि ‘अजून नाही’.

एक कार्टून जरा जवळून बघू. १९४७ साली थिएटरात आलेलं ‘द कॅट कन्सर्टो’. टॉम कोट-टाय घालून मैफलीत पियानो वाजवायला येतो. वाजवतो फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २. ही रचनाच मोठ्या सोयीची आहे: पहिला भाग संथ, भारदस्त, आणि दुसरा सुसाट. आपल्या भाषेत विलंबितातून द्रुतमध्ये जाणारी. म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनचा सांगाडा लिस्टने शंभर वर्षं आधीच बांधून ठेवला होता. जेरी पियानोच्या आत, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवर झोपलेला आहे. पहिल्या सुरांबरोबर त्याचं अंथरूण उडायला लागतं.

नियम इथेही एकच: मैफल थांबता कामा नये. टॉम चिडला तरी वाजवतच राहिला पाहिजे, आणि तेही चेहरा गंभीर ठेवून, कारण समोर सभ्य लोक बसलेत. त्याचे हात नीट बघा. सूर चढला की बोटं उजवीकडे सरकतात, उतरला की डावीकडे. त्या हातांनी उंदराला चापट मारायची तरी ती तालातच मारावी लागते. एका ठिकाणी जेरी टोकाच्या काही पट्ट्या काढून तिथे सापळा लावून ठेवतो. उंदराने बोक्यासाठी लावलेला उंदराचा सापळा! टॉमचं बोट त्याच्या अलीकडे पलीकडे सूर वाजवत राहतं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. आपण पट्ट्या बघायचं सोडून फक्त त्या सापळ्याकडे बघायला लागतो, आणि मगच ते बोट अडकतं. शेवटी बोका कपड्यांच्या चिंध्या होऊन कोसळतो आणि टाळ्या उंदीर घेतो.

त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सनेही आपल्या सशाला पियानोवर बसवून हीच रचना वाजवायला लावली होती, आणि ‘तुम्ही आमची कल्पना ढापलीत’ म्हणून दोन्ही स्टुडिओ एकमेकांवर उखडले. ऑस्कर बोक्याला मिळालं.

आता एक अवघड प्रश्न. कुणाच्या तरी डोक्यात इस्त्री बसते, बोटं सापळ्यात चिरडतात, दात पियानोच्या पट्ट्यांसारखे गळून पडतात, आणि आपण हसतो. आपण दुष्ट आहोत का?

आपटाआपटीच्या, धडपडीच्या अशा विनोदाला स्लॅपस्टिक म्हणतात, आणि त्या शब्दातच याचं निम्मं उत्तर आहे. चारेकशे वर्षांपूर्वी इटलीत गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्या होत्या. त्यांच्यातल्या विदूषकाच्या हातात एक काठी असायची, दोन पातळ फळ्या मुठीपाशी एकत्र बांधलेल्या. ती दुसऱ्याच्या पाठीत हाणली की फळ्या एकमेकींवर आपटायच्या. आवाज असा की बघणाऱ्याने कळवळावं, आणि पाठीला जेमतेम स्पर्श. मोठा आवाज, छोटा मार. त्या काठीवरून या विनोदाला नाव पडलं.

कार्टूनवाल्यांकडे तशीच काठी आहे, फक्त चित्रातली. अॅनिमेशन शिकताना पहिला धडा रबरी चेंडूचा असतो. चेंडू जमिनीला टेकला की चपटा होतो, उसळला की लांबट होतो, पण आतला ऐवज तेवढाच राहतो. चपटा झाला तर रुंदही व्हायलाच हवा. हे पाळलं की चेंडू जिवंत वाटतो, विसरलं की चित्र वाटतो. टॉमचं सगळं शरीर या धड्यावर चालतं. तव्याने मारलं की तोंड तव्याच्या आकाराचं. फुलदाणीत अडकला की फुलदाणीच्या आकाराचा. हाड मोडत नाही, आकार तेवढा बदलतो, आणि पुढच्या शॉटमध्ये स्वारी पुन्हा धडधाकट.

म्हणजे इजा नाही. पण वेदना आहे! टॉम किंचाळतो ती किंकाळी अगदी माणसाची आहे, कारण ती हॅनाने स्वतःच्या घशातून काढलेली आहे. ती किंकाळी काढून टाकली तर प्रसंग पोकळ होतो. रक्ताचा एक थेंब दाखवला तर भयंकर होतो. मराठीत या दोहोंसाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. टॉमला दुखतं, पण लागत नाही. एवढ्याशा फटीत सगळा स्लॅपस्टिक राहतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये विनोदाची एक उपपत्ती मांडली, तीही याच वाटेने जाते: काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं पाहिजे आणि त्याच वेळी ते निर्धोकही वाटलं पाहिजे. एकच असेल तर हसू येत नाही. गुदगुल्या हे त्याचं घरगुती उदाहरण. गुदगुल्या म्हणजे लुटूपुटूचा हल्लाच. ओळखीच्या माणसाने केल्या तर हसू, परक्याने केल्या तर संताप, आणि स्वतःच्या स्वतःला केल्या तर काहीच नाही.

मोठेपणी सगळ्यांना टॉमचा कळवळा यायला लागतो, हे वाक्य आता व्हॉट्सअॅपवरही फिरतं. पण ते अर्धंच खरं. टॉम बिचारा म्हणून नव्हे, तर तो खटपट्या म्हणून आपल्याला जवळचा. तो आराखडे काढतो, दोऱ्या बांधतो, सगळं जय्यत तयार करतो आणि मग स्वतःच त्या दोरीत पाय अडकवून घेतो. जेरीला तेवढी मेहनत कुठे असते? पुष्कळदा तो नुसता बाजूला सरकतो.

सगळंच काही छान टिकलेलं नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या कार्टूनमधली ती घरकाम करणारी बाई काळी आहे. तिचे फक्त पाय आणि झगा दिसतो, आणि तिची बोली त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेने काळ्या मोलकरणींचं जे ठोकळेबाज सोंग बनवलं होतं त्याच साच्यातली. आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा होता. पुढे टीव्हीसाठी काही ठिकाणी तो आवाज बदलला, काही ठिकाणी ती बाईच नव्याने गोरी रंगवली. स्फोटानंतर तोंड काळं होऊन ओठ जाड दिसण्याचे ‘विनोद’ही होते, ते कापले गेले. यावर आज हसू येत नाही आणि यायचं कारणही नाही. कारण इस्त्रीचा मार टॉमला लागत नाही, पण या चित्रांचा मार पडद्याबाहेरच्या खऱ्या माणसांना बसत होता.

मग अशी कार्टून्स बनणं का थांबलं? पैसा. सात मिनिटांत सुमारे दहा हजार फ्रेम असतात. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम वापरलं तरी हजारो चित्रं, मग ती पारदर्शक तावांवर गिरवायची, मागून रंगवायची, आणि वर एमजीएमचा सगळा वाद्यवृंद. संगीतकार स्कॉट ब्रॅडली तर इतका हौशी की १९४४ मधल्या एका टॉम अँड जेरीत त्याने शोनबर्ग या संगीतकाराची बारा स्वरांची, त्या काळी अत्याधुनिक असलेली पद्धत वापरली. संगीतसभेत ज्या सुरांना लोक उठून गेले असते, ते उंदराच्या धावपळीखाली मजेत खपून गेले. हा सगळा थाट परवडायचा कारण बडे स्टुडिओ थिएटरांच्या गळ्यात आपला माल एकगठ्ठा मारू शकत होते. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला चाप लावला. पाठोपाठ टीव्ही आला. शिवाय जुनीच कार्टून्स पुन्हा लावली तरी जवळजवळ तेवढेच पैसे येतात, हे एमजीएमच्या लक्षात आलं, आणि १९५७ मध्ये कार्टूनचा विभाग बंद झाला.

हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे हात आखडता. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर का आहे माहितीये? कॉलरपाशी चित्राचे दोन तुकडे करता येतात. धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं हलवायचं. हालचाल कमी झाली तशी बडबड वाढली. ते वाईट होतं असं नाही, पण तो ऐकायचा विनोद झाला, बघायचा राहिला नाही. दरम्यान टॉम अँड जेरी इतरांच्या हाती गेले: तेरा कार्टून्स जीन डाइच यांनी प्रागमध्ये बनवली, चौतीस चक जोन्स यांनी. लहानपणी एखादा भाग ‘आज काहीतरी वेगळंच वाटतंय’ म्हणून खटकला असेल, तर बहुधा तो यातलाच. चेहरे तेच, पण लय दुसऱ्या माणसाची.

शब्द जवळपास नसल्याचा फायदा उघड आहे, भाषांतर लागत नाही. पण आपण मराठी लोक या कार्टूनची गोष्ट दुसऱ्याला सांगताना काय करतो ते ऐका. ‘तो टुणकन उडाला, मग गर्रकन वळला, सुंऽऽऽ करत गेला नि धप्पकन आपटला, आणि वरून टण्ण!’ क्रियापदं नावाला, बाकी सगळं नादावर. ब्रॅडली वाद्यवृंदाकडून जे करून घ्यायचा ते आपण तोंडाने करतो.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी एक प्रयोग करा. कुठलंही जुनं टॉम अँड जेरी लावा आणि आवाज बंद करा. अर्धं हसू जाईल. मग उलट करा: आवाज लावा आणि स्क्रीनकडे पाठ करून बसा. किती कळतं ते बघा. आमच्याकडे हा प्रयोग नकळत रोज व्हायचा. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि आई आत पोळ्या लाटत. तिने त्यातलं एकही कार्टून पूर्ण बघितलेलं नसेल. पण सनई-चौघड्यासारखा तो गलका वाढत वाढत मधेच थांबला, की तिचंही लाटणं थांबायचं. एक क्षण. मग बाहेर धडामधूम व्हायचं आणि आतून आवाज यायचा, “पडला का मेला परत?”